डक्टमधलं गव्हाणी घुबड : दिवाळीआधी जाळी ठोकायची का? (बेसा रोड, नागपूर)

बेसा_रोड_वाला
नमस्कार मंडळी. आमची फ्लॅट स्कीम बेसा रोडला आहे, चार माळ्यांची, बाजूचे बरेच प्लॉट अजून रिकामे आणि मागे थोडी शेती पण उरली आहे. लिफ्टच्या मशीन रूममागे एक डक्ट आहे, त्याची जाळी कधीची तुटून पडली. तिथे पांढऱ्या तोंडाचं घुबडाचं जोडपं राहून राहिलं आणि आता पिल्लं पण आहेत. अंधार पडला की जे सुरू होते ना, खस्स्स... खस्स्स... कुकरची शिट्टी अर्ध्यात अडकावी तसं, ते पहाटेपर्यंत. वरच्या माळ्यावरचे लोक पार वैतागले. दिवाळीआधी पेंटिंग काढलं आहे, पेंटर म्हणतो झुला लागलेलाच आहे तर जाळी ठोकून देतो. सेक्रेटरींनी ग्रुपवर टाकलं की रविवारी डक्ट साफ करून बंद करायचा आणि त्याच दिवशी उंदरांचं औषध पण टाकायचं. एका काकांनी अपशकुनाचं काढलं ते वेगळंच.

फोटो टाकतो, मोबाईलचा आहे, समजून घ्या. हे कोणतं घुबड, खाते काय, आपल्या इकडे किती असतील, पिल्लं कधी उडतील? ग्रुपवर भांडायचं आहे मला, म्हणून उगाच अंदाजपंचे नको, पक्कं सांगा.

पिसारा
फोटो पुरेसा आहे. गव्हाणी घुबड, बार्न आऊल. बदामासारखा पांढरा चेहरा, डोळे काळे, पाठ सोनेरी-करडी आणि त्यावर बारीक ठिपके. सीताबर्डीपासून लेआऊटपर्यंत सगळीकडे संध्याकाळी तारेवर बसून चिर्रचिर्र भांडतो तो पिंगळा, त्याचे डोळे पिवळे, अंगानं एवढुसा. तो वेगळा.

आधी आवाजाचं सांगतो कारण तुमचं भांडण त्यावरूनच आहे. हे घुबड घुमत नाही, किंचाळते आणि फुत्कारते. रात्रभर जे ऐकू येते ते पिल्लांचं. आणि गंमत म्हणजे ती सगळा वेळ आईबापाला हाका मारत नसतात. स्वित्झर्लंडमध्ये अलेक्झांद्र रूलँ म्हणून संशोधक आहेत, त्यांनी यावर कित्येक वर्षं काम केलं. आईबाप बाहेर गेलेले असताना पिल्लं आपापसात ओरडून ठरवत असतात की पुढच्या उंदरावर हक्क कोणाचा, ज्याला जास्त भूक तो जास्त जोरात आणि जास्त वेळ ओरडते, बाकीचे मग फार ताणत नाहीत. मोठं पिल्लू लहानाला आपला घास देते असंही दिसलं आहे. म्हणजे तुमच्या वरच्या माळ्याला रोज रात्री फुकटात एक सोसायटी मीटिंग ऐकू येते, आणि तुमच्या मीटिंगपेक्षा ती बरी चालत असावी 😄

आता वय. मादी साधारण ४ ते ७ अंडी घालते, एकदम नाही, दोन-तीन दिवसांच्या अंतरानं, आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते. महिनाभरानं पिल्लं निघतात तीही तशीच मागंपुढं, त्यामुळे एकाच घरट्यात एक मोठं धटिंगण आणि एक किडकिडीत असं दिसते. नुसती पांढरी लव असेल तर दोन-तीन आठवड्यांची धरा. चेहऱ्याची बदामी कड उठून दिसत असेल आणि पंखांत खरी पिसं असतील तर महिना उलटून गेला. साधारण आठ आठवड्यांत उडतात, त्यानंतर पण थोडे आठवडे त्याच ठिकाणी येऊन-जाऊन असतात. तुमच्या फोटोत मागचं मोठं महिन्याच्या वरचं वाटते, पुढचं बारकं आहे. रविवारी जाळी ठोकली तर सरळ आत मरतील.

आणि सेक्रेटरींना हे पण वाचून दाखवा: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यातच पक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं येते. नुसतं मारणंच नाही.

सुनंदा_काकू
ते अपशकुनवाले काका प्रत्येक स्कीममध्ये एक तरी असतातच 😀 आमची आजी सांगायची, घुबडाला दगड मारू नका, ते तो दगड उचलून नदीवर नेते आणि घासत बसते, दगड झिजला की मारणाराही झिजतो. लहानपणी आम्ही टरकून असायचो. आता वाटते भीती घालून का होईना, पोरं दगड मारत नव्हती हे खरं. काकांना विचारा, लक्ष्मीपूजनाला ज्या फोटोला हार घालता त्यात देवीच्या पायाशी कोण बसलं आहे म्हणून.

पिसारा
काकू, त्या लक्ष्मीच्या नादात दिवाळीतच घुबडं सगळ्यात जास्त मरतात. तंत्रमंत्र, गुप्तधन, अमावास्येचा बळी. २०१० मध्ये ट्रॅफिक इंडियानं (वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणारी संस्था) देशातल्या घुबडांच्या चोरट्या व्यापारावर रिपोर्ट काढला होता, त्यात हेच सगळं आहे. म्हणून @बेसा_रोड_वाला, घरट्याचा पत्ता, स्कीमचं नाव, व्हिडिओ असलं काही फेसबुकवर टाकू नका, आत्ता तर मुळीच नको. पेंटरच्या माणसांनाही जास्त सांगत बसू नका.

उमरेडकर
मले त हे वाचून हसूच आलं. तुमी लोक फुकटचा उंदीरमार हाकलून राहिले अन् वरून पैसे देऊन औषध आणून राहिले. आमच्याकडे धानाच्या बांध्यात उंदीर काय करते ते येऊन पाहा, लोंबी भरली की बुडापासून कापते अन् बिळात नेऊन साठवते. धुरा पोखरून ठेवते तो वेगळा, पाणी फुटते. बीळ खणलं की ओंजळी-ओंजळीनं धान निघते. हरभऱ्यात घाटेअळीसाठी आम्ही पक्षीथांबे लावतो, म्हणजे साध्या आडव्या काड्या, तर दिवसा त्याच्यावर कोतवाल बसते अन् रात्री टॉर्च मारला की हेच पांढऱ्या तोंडाचं बसलेलं राह्यते. आवाज म्हणून नाही. डोक्यावरून गेलं तरी समजत नाही, नुसती सावली.

पिसारा
आवाज नाही याचं कारण पिसांत आहे. पंखाच्या पुढच्या कडेला बारीक दात असतात, मागच्या कडेला झालर आणि वरून मखमली लव, त्यामुळे हवा फाटल्याचा सूं आवाज होतच नाही. त्यात अंगापेक्षा पंख खूप मोठे, म्हणून हळूहळू तरंगत जाता येते. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, बाकी नुसता पिसारा.

आणि टॉर्चशिवाय तुम्हाला दिसत नाही तिथे ते ऐकून पकडते. एक कान थोडा वर, दुसरा थोडा खाली, पिसांमुळे बाहेरून दिसत नाहीत. आवाज डावीकडून की उजवीकडून ते दोन कानांत पोचायच्या वेळेच्या फरकावरून कळते, वरून की खालून ते आवाजाच्या कमी-जास्तपणावरून. चेहऱ्याची ती बदामी तबकडी आवाज गोळा करून कानाकडे लावते. अमेरिकेत रॉजर पेन यांनी पार काळोख केलेल्या खोलीत हे तपासलं, खाली वाळकी पानं पसरली आणि उंदीर सोडला, घुबडानं बरोबर पकडला. मग पानांतून नुसता कागदाचा बोळा ओढला तर त्याच्यावरही झडप घातली, म्हणजे वास नाही, उष्णता नाही, फक्त खसखस. (हेच पेन पुढे व्हेलच्या गाण्यांसाठी जगभर गाजले.) नंतर नुडसेन आणि कोनिशी या संशोधकांनी १९७८ मध्ये दाखवलं की याच्या मेंदूत आवाजाच्या जागांचा अख्खा नकाशाच असतो.

पण पाऊस लागला की सगळं बोंबलते. त्या मऊ पिसांना पाणी सोसत नाही आणि पावसाच्या आवाजात उंदीरही ऐकू येत नाही. आपल्याकडे झडी लागली की यांना उपास.

आजोबांचा_वाडा
महालात आमचा जुना वाडा होता तेव्हा माळ्यावर कायम एक जोडी असायची. घरचे कोणी काही म्हणत नसे कारण बाजूलाच किराण्याचं गोदाम होतं आणि उंदीर किती होते ते विचारूच नका. खाली ओट्यावर त्यांचे गोळे पडत, न पचलेले केस-हाडं ते तोंडातून ओकून टाकतात ते. ताजा असला की वरून काळा चकचकीत, वाळला की राखाडी, दाबला की केसांचा भुगा होतो आणि आतून हाडं निघतात. काका शाळेत सायन्स शिकवायचे, ते आम्हाला ताटलीत कोमट पाणी घेऊन एक-एक गोळा सोडवायला लावत, चिमट्यानं. एका गोळ्यात दोन-तीन कवट्या सहज. पुढे पिवळे-नारिंगी वाकडे दात आणि मग मोकळी जागा असेल तर उंदीर, बारीक टोकदार दातांची सलग रांग असेल तर चिचुंद्री. एकदा चिमणीची चोच निघाली होती. आईला त्या ताटलीची किळस यायची, ती ताटली नंतर कायमची माळ्यावरच गेली.

वाडा पाडला, आता तिथे काचेचं कॉम्प्लेक्स आहे. तुम्ही विचारलं ना किती असतील, तर मला वाटते उंदीर काही कमी झाले नाहीत, इतवारीत, कळमन्यात रात्री चक्कर मारून बघा, पण भोकं कमी झाली. जुने वाडे, पडक्या विहिरी, कौलांखालच्या सांदी, म्हाताऱ्या झाडांच्या ढोल्या. काचेच्या बिल्डिंगमध्ये ते राहणार कुठे?

प्रश्नचिन्ह
सगळे एका सुरात बोलून राहिले म्हणून जरा दुसरी बाजू. घुबड आणलं की उंदीर संपले असं काही नसते. सेशेल्स बेटांवर १९४९ मध्ये उंदरांसाठी म्हणून आफ्रिकेतून गव्हाणी घुबडं नेऊन सोडली, त्यांनी उंदीर राहू दिले बाजूला आणि तिथल्या पांढऱ्या कुररी (समुद्रपक्षी) मारायला सुरुवात केली. हवाईत १९५८ पासून उसाच्या शेतांसाठी सोडली, तिथेही स्थानिक पक्ष्यांच्या जिवावर आली. शिकारी पक्षी भक्ष्याच्या मागे वाढतो, भक्ष्य संपवत नाही, साधं गणित आहे. उंदरांची मादी काही आठवड्यांत पुन्हा विते. मग उगाच "नैसर्गिक पेस्ट कंट्रोल" म्हणून डोक्यावर का घेता?

पिसारा
दोन्ही उदाहरणं बरोबर आहेत, पण ती बाहेरून नेऊन सोडल्याची आहेत. हे आपल्याकडचंच पाखरू आहे. उंदीर "संपवते" असं कोणी म्हणत असेल तर त्याला माझाही विरोध. पण मलेशियात तेल-ताडाच्या मळ्यांत घुबडांनी घरटं करावं म्हणून लाकडी पेट्या लावल्या, तिथे अंदाजे ५-१० हेक्टरला एक पेटी असा हिशेब चालतो. इस्रायलमध्ये १९८३ मध्ये एका किबुत्झवर (सामूहिक शेतीचं गाव) सुरुवात झाली, आता देशभर हजारोंनी पेट्या आहेत, २००२ पासून जॉर्डनचे शेतकरीही त्यात आले, आणि तिकडेही घुबड म्हणजे अपशकुन हीच समजूत होती बरं का. आपल्याकडे लक्षद्वीपच्या कवरत्तीला केरळातून नेली, नारळावरच्या उंदरांसाठी. या सगळ्यांत खरा फायदा हा की विषाचा वापर कमी करता येतो. उंदीर शून्यावर येत नाहीत, वाढीला लगाम बसतो.

किती आहेत याचं. अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर हे कुटुंब आहे, जगात सर्वात दूरवर पसरलेल्या पक्ष्यांत याची गणना होते, आणि जागतिक यादीत "धोका नाही" असाच शेरा आहे. अलीकडे काही पक्षीतज्ज्ञ आपल्याकडचं वेगळं धरून ईस्टर्न बार्न आऊल म्हणतात, पण राहणी तीच. एखाद्या भागात किती जोड्या टिकतील हे दोनच गोष्टींवर ठरते, रात्री उडत जाऊन येण्याच्या अंतरात उंदीर आहेत का आणि दिवसा लपायला कोरडी अंधारी जागा आहे का. उंदीर मुबलक असले की अंडी जास्त घालतात, भारतात तर ठरावीक सीझनही नाही, वर्षभर कधीही वीण होते. आणि दुष्काळ पडला की बारकं पिल्लू आधी जाते, मेलेलं पिल्लू भावंडंच खाऊन टाकतात, हे ऐकायला वाईट वाटते पण आहे. त्यामुळे बेसा, हुडकेश्वर, मनीषनगर अशा भागांत, जिथे अर्धी शेती आणि अर्ध्या बिल्डिंगा आहेत, कचरा उघड्यावर आणि डक्ट तुटके, तिथे यांची सध्या चांदी आहे. प्लॉट भरले की जातील.

जनावरांचा_डॉक्टर
मुख्य मुद्दा राहून जाऊ नये म्हणून लिहितो, त्या रविवारच्या "औषधा"चा. पाकिटावर ब्रोमाडिओलोन आहे का पाहा. हे रक्त गोठू देत नाही, उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस लागतात, आणि त्या दिवसांत तो सुस्त होऊन उघड्यावर फिरतो. म्हणजे घुबडाला सगळ्यात सोपा मिळणारा उंदीर हाच. विष उंदराच्या लिव्हरमध्ये साठलेलं असते, तिथून घुबडाच्या लिव्हरमध्ये. एकानं मरेल असं नाही, पण घरट्यात पिल्लं असताना रोज रात्री तेच येणार. झिंक फॉस्फाईडचं वेगळं, ते पोटातल्या आम्लाशी मिळून फॉस्फिन गॅस होतो, उंदीर लवकर मरतो आणि शरीरात तसं साठून राहत नाही, पण सोसायटीत लहान मुलं, कुत्री-मांजरी असताना मी ते कधीच सुचवणार नाही. ग्लू पॅड तर नकोच, त्यावर पाली, चिमण्या, सगळंच चिकटते.

पिंजरे लावा आणि कचऱ्याचे ड्रम झाकणाचे घ्या. कंटाळवाणं आहे, पण चालते.

कोणाला दिवसा खाली पडलेलं पिल्लू सापडलं तर: पुठ्ठ्याचं खोकं, त्याला हवेची भोकं, आत जुना कपडा, वरून झाका आणि अंधारात ठेवा. दूध-पोळी भरवू नका, चोचीत पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जाते. कावळे मागे लागले असतील तर आधी कावळे हाकला. मग वनविभागाची हेल्पलाइन १९२६, किंवा सेमिनरी हिल्सचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर. धडधाकट पिल्लू असेल तर पुन्हा घरट्यात ठेवणंच उत्तम, माणसाचा हात लागला म्हणून आईबाप टाकून देत नाहीत.

रात्रपाळी
मी समृद्धी महामार्गावर माल घेऊन जाऊन येतो. रात्री लाइटमध्ये एकदम पांढरं काहीतरी येते, खालून, बोनेटच्या उंचीवर, ब्रेक मारायलाही वेळ नसतो. सकाळी कडेला पडलेले दिसतात. त्यांना वर उडता येत नाही का?

पिसारा
येते, पण शिकार करताना ते जमिनीलगत तरंगतच जाते, आणि हायवेच्या कडेचं गवत म्हणजे उंदरांचं आगर. त्यात लाइटनं डोळे दिपतात. युरोपातही मोठ्या रस्त्यांवर हीच रड आहे. आणि आपल्याकडे जानेवारीत नायलॉन मांजा. बंदी असून सगळीकडे मिळतो, झाडांवर महिनोन्‌महिने लटकत राहतो, रात्रीच्या पक्ष्याला तर दिसतच नाही.

तर्री_पोहे
ते विशाखापट्टणमचे "एलियन" हेच ना? २०१७ चा व्हिडिओ, बांधकामावर तीन पांढरी भुतं उभी राहून डुलून राहिली होती. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर अजून फिरतो तो.

पिसारा
हेच. पिल्लंच होती.

बेसा_रोड_वाला
मीटिंग झाली. थोडक्यात सांगतो कारण झाली ती दोन तास. कायद्याची ओळ वाचली तेव्हा सेक्रेटरी शांत झाले, डॉक्टरसाहेबांची ब्रोमाडिओलोनची पोस्ट वाचली तेव्हा उलट ज्यांच्याकडे मांजर आहे त्या ताईच भडकल्या, आणि औषध तिथंच कॅन्सल झालं. पिंजरे आणायचे ठरले, पैसे मेंटेनन्समधून. डक्टला जाळी पिल्लं उडून गेल्यावर. पेंटर म्हणतो तेवढा पट्टा मी सोडून देतो, पुन्हा यायचे वेगळे पैसे. अपशकुनवाल्या काकांनी काकूंचा लक्ष्मीवाला प्रश्न ऐकला आणि म्हणाले, ते वाहन आहे, वाहन पार्किंगमध्ये राहते, डोक्यावर नाही. यावर कोणाजवळच उत्तर नव्हतं 😂

वरच्या माळ्यावाल्यांची झोप मात्र जायचीच. त्यांनी खिडकीत कुलर सुरू ठेवला आहे, थंडीला सुरुवात झाली तरी, नुसता फॅन, आवाजानं आवाज दबतो म्हणून. आणि वास! तो कोणी आधी नाही सांगितला.

आजोबांचा_वाडा
वासाचं मुद्दामच नाही सांगितलं, नाहीतर तुम्ही पहिल्याच दिवशी जाळी ठोकली असती. हे पाखरू घरटं बांधत नाही, त्या कुस्करलेल्या गोळ्यांवरच अंडी घालते, आणि सफाईचं नाव नाही. सगळे उडाल्यावर तोंडाला रुमाल बांधून, आधी पाणी शिंपडून मग झाडा, धूळ नाकात जाऊ देऊ नका.

उमरेडकर
डक्ट बंद झाला की ते जातीन कुठं? माझ्या वावरात पाठवून द्या ना. सिरियस विचारतो, पेटी कशी करायची? आमच्या गावच्या सुताराकडे जुनं सागवान पडलं आहे.

पिसारा
पाठवता येत नाही, पण पिल्लं मोठी झाली की स्वतःच जागा शोधत दूर जातात, तेव्हा पेटी तयार असली तर नशीब. माप सांगतो: तळ दोन फूट बाय दोन फूट असला तर उत्तम, प्रवेशाचं भोक पाच इंच बाय पाच इंच, आणि भोकाच्या खालच्या कडेपासून तळापर्यंत किमान दीड फूट खोली. ही खोली सगळे चुकवतात, उथळ पेटीतून पिल्लं उडायच्या आधीच खाली पडतात. भोकाबाहेर एक फळी द्या, पिल्लं तिथे पंख मारून सराव करतात. जमिनीपासून दहा-बारा फूट तरी वर. मागून एक दार, वर्षातून एकदा साफ करायला, रिकामी असताना.

आपल्याकडे खरी भानगड उन्हाची. नवतपात, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या नऊ दिवसांत, पत्र्याखाली लावली तर आत भट्टी. इस्रायलमध्ये तपासलं आहे, पूर्वेकडे आणि उत्तरेकडे तोंड असलेल्या पेट्या थंड राहतात आणि घुबडं त्याच जास्त पसंत करतात. तेव्हा पश्चिम टाळा, कडुलिंबाच्या नाहीतर आंब्याच्या सावलीत लावा, वर दुहेरी छत, मध्ये बोटभर फट, आणि बाजूंना वरच्या अंगाला हवेची बारीक भोकं. विजेच्या खांबावर लावू नका.

उमरेडकर
गोठ्यामागं आंबा आहे, उत्तरेलेच तोंड होते. बाजूच्या वावरवाल्यालेही सांगून ठेवतो, तो दर सालाले धानात विष टाकते, त्यानं टाकलं त माझी पेटी काय कामाची. त्याले समजावणं पेटी बनवण्यापेक्षा कठीण आहे. पेटीचा फोटो टाकतो बनली की.

सुनंदा_काकू
त्याला दगडाची गोष्ट सांगा.